कौशल्याबाईंच्या पाळणाघराची धूरपरीक्षा

धंतोलीत दवाखाने इतके, की तिथे धडधाकट माणूस पत्ता चुकल्यासारखा वाटतो. तिथल्या नर्सांची पोरं कौशल्याबाई सांभाळतात. बाईंची श्रद्धा दोनच गोष्टींवर. एक, सुरक्षेचे नियम: देव्हाऱ्याच्या कोपऱ्यांनाही फोम लावलाय आणि बाळकृष्णाची बासरी टोकदार म्हणून कपाटात कोंडलीय. दुसरी, नव्या वस्तूचं प्लास्टिक. ते काढणं म्हणजे लग्नाआधीच नवरीची हळद धुणं. त्यांचा सोफा म्हातारा झाला, तरी बसलं की चुरचुरतो.

त्या दिवशी परवान्याची तपासणी होती. शिक्का मिळाला नाही, तर संध्याकाळी पाळणाघराला कुलूप. तपासनीस मनोहररावांनी सगळीकडे समाधानाने मान डोलावली आणि छताकडे बोट केलं. धूर झाला की बोंबलणारं यंत्र तिथे नवंकोरं चकाकत होतं.

"वाजवून दाखवा. जरा धूर करा."

"कायनं करू साहेब? काडेपेटी नको, उदबत्ती नको, गॅस नको, हे तुमीच तं लिहून देल्लं."

"मंग धुराबिगर शिक्का कसा मारू बाई?"

बाईंनी मदतनीसला हाक दिली. "गोपिका वं, बाबारावच्या टपरीवरून निखारे आण. अन् दृष्टीच्या मिरच्या घे."

दर शनिवारी अंगणात पोरांची दृष्ट निघे, तीही उसन्या निखाऱ्यांवर. मिरच्या भिवापूरच्या, जहाल तिखट. पहिला ठसका लागला, की पुढच्याचा सदरा धरून कडुनिंबाखाली जायचं, ही पोरांची शिस्त.

आत, यंत्राखाली, निखाऱ्यांवर मिरच्या पडल्या. शनिवार नसूनही पोरं रांगेत निघाली, तान्ह्यांना काखेत मारून बाई आणि गोपिका मागोमाग. दारातलं फाटक खट्‌कन लागलं. आत उरले मनोहरराव; यंत्र वाजायची वाट पाहत. ते वाजलं नाही. खोकत ते फाटकाशी आले. पोरांना उघडता येऊ नये अशी त्याची कडी गेल्या वर्षी त्यांनीच सक्तीने बसवून घेतली होती. त्यांनी ओढली, ढकलली, देवाचं नाव घेतलं.

शेवटी चिमुकली उन्नती परत आली. "दाबा अन् उचला, काका," म्हणत तिनेच कडी काढली.

बाईंचा चेहरा उतरला. यंत्र मुकं आणि कडी पोरीच्या हातची, आता कुलूपच. मनोहररावांनी डोळे पुसत पेन काढलं. 'कडी लहान मुलांना' एवढं लिहून ते थांबले. पुढे, आत कोण अडकलं होतं, हेही लिहावं लागलं असतं. त्यांनी ते खोडलं.

"अन् यंत्र काहून नाही वाजलं?"

"नवं हाय ना साहेब. प्लास्टिक कसं काढाव?"

मनोहरराव नाकाला रुमाल लावून आत गेले, खुर्चीवर चढले आणि यंत्राचं प्लास्टिक सोललं. उरलेल्या धुरावरही ते असं बोंबललं, की समोरच्या दवाखान्यातले नातेवाईक रडायच्या तयारीने बाहेर आले.

मनोहररावांनी लिहिलं, 'यंत्र चालू. कडी मजबूत, स्वतः तपासली.' आणि शिक्का मारला.

बाईंनी हात पुढे केला. कागदासाठी नव्हे.

"ते प्लास्टिक द्या बरं साहेब. चुरगाळू नका."