गडूतलं पाणी

कमलाकर बहिणीच्या घरी पाणी पीत नसे. आठ वर्षांत कधी उपवास निघाला, कधी ‘आत्ताच चहा झाला’. पांढरकवड्याहून मोटारसायकलवर हातपंप दुरुस्तीची पेटी बांधून निघणारा हा माणूस पाण्याची बाटली मात्र घरूनच आणी. विमलताई भरलेला गडू समोर ठेवीत आणि तो गेल्यावर तुळशीला ओतीत. त्यांनी कधी विचारलं नाही; पण त्यांच्या ध्यानात येत नव्हतं, असंही नाही.

आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात गावच्या हापशीच्या पाण्यात हाडं आणि दात बिघडवणारं फ्लोराइड सापडलं आणि तिच्या दांड्यावर लाल रंग चढला : पिऊ नये. गावची विहीर आटलेली. बायका दीड कोस चालून नाल्यातला झिरा उपसत, आणि त्यांत विमलताईही होत्या. तेव्हा सरपंच असलेल्या किसनरावांनी गळ घातली आणि कमलाकरने बहिणीच्या तळपायांचे फोड पाहून लाल रंग खरवडला, वर पिण्यायोग्य पाण्याचा निळा दिला; गावाला वाटलं, पाणी पुन्हा तपासलं. पाऊस येईपर्यंत, एवढंच त्याने स्वतःला बजावलं होतं. पाऊस आला, विहीर भरली. पण दाराजवळची हापशी सोडून लांबच्या विहिरीवर कोण जातं? कमलाकरला सांगायचं होतं. पहिल्या वर्षी धीर झाला नाही, आणि पुढे दर वर्षी सांगणं अधिकच अवघड होत गेलं.

आता विमलताईंची मान वळत नव्हती, कंबर लाकडासारखी ताठली होती. दहा वर्षांची नात निकिता हसताना तोंडावर हात धरी. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे होते.

ते पाहून एका सोमवारी तो लाल रंगाचा डबा घेऊन हापशीपाशी उभा राहिला, तेव्हा रांगेत बाराएक बायका होत्या.

“या साळेबुवा!” गावच्या या मेहुण्याला पाहून किसनराव पारावरून ओरडले. “पोळ्याले अजून टाइम हाय, रंगरंगोटी आताच?”

“हे पानी खराब हाय, भाऊ. बंद करून राह्यलो.”

“आठ वर्सं पेलं, तव्हा खराब नोयतं?”

“आमी काय आता तेवढ्या लांब इहिरीवर जावं काय?” मानीबाईने घागर आपटली. “तुह्या घरी नळ हाय, तुले काय!”

बायकांनी हापशीला वेढा दिला. किसनरावांनी पुढे होऊन त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. कमलाकरने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना सारं ठाऊक होतं, आणि तो बोलणार नाही याचीही खात्री होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. विमलताई निकिताच्या खांद्याचा आधार घेत एकेक पाऊल तोलत आल्या. त्यांनी हापशीखाली धरून गडू भरला आणि भावापुढे केला.

“पे.”

तो हलला नाही.

“आठ वर्सं झाले, माह्या घरचा थेंब नाई घेतला तू. काहून?”

“बाई...”

“पे, नाई तं सांग.”

किसनराव खाकरले. “जाऊ द्या, विमलताई, भावाबहिनीचं घरात पाहा.”

“मीनंच पुसला होता लाल रंग,” कमलाकर म्हणाला. “तुहे पाय पाह्यवले नाई. किसनभाऊ म्हनले, पन हात माहा होता. मंग सांगाची हिंमत नाई झाली.”

मानीबाईने घागर उचलून काखेत घेतली. विमलताईंची नजर आधी आपल्या पायांकडे गेली. मग त्या निकिताकडे पाहत राहिल्या. त्यांना वाकता येईना, म्हणून उभ्यानेच त्यांनी गडू उपडा केला. पाणी उंचावरून ओट्यावर पडलं आणि कमलाकरच्या पँटवर उडालं.

“पुसलं तव्हा कोनाले इचारलं नाई. आता कायले थांबतं? लाव.”

किसनरावांच्या हातातून ब्रश विमलताईंनीच ओढून त्याला दिला. रंग सरळ बसला नाही; त्याने वरून दुसरा हात मारला.

पुढच्या ग्रामसभेत त्याने पाण्याचा अहवाल वाचला, आणि रंग कोणी पुसला हेही, स्वतःच्या नावासकट. शिव्या खाल्ल्या. ज्या ज्या गावी हापशी उघडतो, तिथे तो आता आधी अहवाल मागतो आणि ही गोष्ट सांगतो.

रोज सकाळी सहाला विहिरीच्या पाण्याचे दोन डबे तो बहिणीच्या ओट्यावर ठेवतो. त्यांनी तेवढंच फर्मावलं होतं. विमलताई डबे आत घेतात. गडू अजून बाहेर आलेला नाही, आणि कमलाकर मागत नाही.