चिरमुऱ्याचा गळ

डोहातले महसीर मासे मरत होते आणि पुजारी जाळं टाकू देत नव्हता. धारवाडच्या पश्चिमेला, एका लहान नदीवरचा हा देवळाचा डोह. मासे देवाचे, त्यांना कुणी हात लावत नसे. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी मत्स्यखात्यात इन्स्पेक्टर होतो. मासा मेला की अंगावरचे किडे त्याला सोडून जातात. म्हणून तपासायला जिवंत मासा हवा होता.

गळानं काढतो म्हणालो. पुजारी रुद्रय्यानं त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत अट घातली.

"एकच. जिवंत परत सोडायचा. मेला तर साहेबरे, पुन्हा ह्या पायऱ्या उतरायच्या नाहीत."

आमिषाचा गळ मासा गिळून टाकतो. फ्लाय, म्हणजे पिसं-दोरा गुंडाळलेला खोटा किडा, ओठातच अडकतो. हुबळीचे निवृत्त रेल्वे फोरमन फर्नांडिसअण्णा तशी मासेमारी करत. नवनगरच्या माळावर त्यांनी मला कास्टिंग, म्हणजे दोरी फेकणं, शिकवलं. फ्लायला वजन नसतं, जाड दोरीला असतं. ती मागे पुरती उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे फेकायची. मला थांबणं जमेना.

"चाबूक मारतोयस काय? बैल कुठं आहेत तुझे?" अण्णा विचारत.

दसऱ्यानंतर पाणी निवळलं. मासा इजा न होता सुटावा म्हणून गळाचा उलटा काटा घासून काढला आणि डोहावर गेलो. सकाळभर दोरी फेकली. मासे ढुंकून बघेनात. आमचे साहेब जीपमधून म्हणाले, "कुलकर्णी, आरती ओवाळून झाली असेल तर निघू या."

मी मात्र पायरीवर बसून राहिलो. मासे नेमकं कशाला वर येतात, ते बघायचं होतं. किडे पाण्यावर वाहत होते. त्यांच्याकडे लक्ष नाही. भक्तांनी चिरमुरे टाकले की मात्र झुंबड.

आमच्या शाकाहारी घरी माझ्या नोकरीचा विषय निघत नसे. आईच्या वातींचा कापूस न विचारता घेतला, गळावर गुंडाळला, तरंगावा म्हणून मेण चोळलं. दुसऱ्या दिवशी चिरमुऱ्यांतच तो टाकला. एक महसीर सावकाश वर आला आणि त्यानं तोंड उघडलं.

ओल्या फडक्यात धरून बघितलं. कल्ल्यांमागे चपटे, पारदर्शक किडे, माशांच्या उवा. मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला. बराच वेळ हललाच नाही. रुद्रय्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभा. मग शेपटीचा एक फटका बसला आणि हात रिकामा झाला.

ह्या उवा कडक पृष्ठभागावर अंडी घालतात. डोहात फळ्या सोडायच्या, त्यांवर अंडी चिकटली की काढून उन्हात वाळवायच्या. ते काम रुद्रय्यानंच घेतलं. थंडी संपता संपता मासे मरायचे थांबले.

मासा काय खातो, हे पुस्तकाआधी पायरीवर बसून बघावं, एवढं शिकलो. टोचणी वेगळीच आहे. देवाच्या नावानं पडणाऱ्या घासावर माशाचा भरवसा होता, आणि मी नेमका तोच वापरला.