दोन सीटचा ट्रक

नाव: सौ. वैभवी अनुप देशकर. मूळ गाव पुणे, हल्ली मुक्काम रीडिंग, इंग्लंड. शिक्षण: चार्टर्ड अकाउंटंट. विद्यमान हुद्दा: मिसळ-ट्रेलरची संस्थापक, संचालक, मुख्य आचारी व अंतिम निर्णयाधिकारी. उक्त ट्रेलर घरासमोर उभा असून, तो ओढण्यास सक्षम असे वाहन संपादन करण्याची कार्यवाही सुरू आहे.

कार्यवाही अडली होती सासऱ्यांपाशी. ज्ञानेश्वरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन नागपूरहून सहा महिने राहायला आले होते. आयुष्यभर पाण्याचा विसर्ग मोजल्यामुळे तर्री किती पातळ असावी हे आपल्याला विचारल्याशिवाय ठरू नये, असं त्यांना वाटे.

"पुण्याची मिसळ म्हणजे काय, तर गोड आमटीत फरसाण," ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "केंब्रिजच्या मेळ्याला मी येतो न तुझ्यासोबत. काळजी करू नको."

वैभवीला काळजी नेमकी त्याचीच होती. फायनान्सच्या नोकरीत तिने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मंजुरीची वाट बघितली होती. आता निदान मीठ किती घालायचं हे तरी कोणाला न विचारता ठरवावं, एवढ्यासाठी तिने राजीनामा दिला होता. केंब्रिजजवळच्या उन्हाळी मेळ्यातला स्टॉल हा तिचा पहिलाच. तिथे मागे उभं राहून कोणी "थोडं तिखट कमी वाटते" म्हणालं, तर राजीनामा फुकट जाणार होता. पण हे सासऱ्यांना तोंडावर सांगायचं कसं? ते चार्टर्ड अकाउंटन्सीत शिकवत नाहीत.

ट्रेलर ओढायला पिकअप ट्रक बघायला सगळं घर शोरूममध्ये गेलं. अनुपला डबल कॅब हवा होता. "पाच सीट आहेत, आईबाबा आरामात मागे बसतील," तो म्हणाला. बायको आपल्याकडे अशी का बघते आहे, हे त्याला कळलं नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे.

बाबांनी टायर बुटाने ठोकून पाहिला, बॉनेट उघडायला लावलं आणि अनुपकरवी विचारलं, "अॅव्हरेज किती देते?"

विक्रेता सज्जन होता. तो म्हणाला, ट्रक साडेतीन टन ओढतो हे खरं, पण ट्रक, ट्रेलर आणि आत बसलेली माणसं मिळून एकूण वजनालाही कायद्याची मर्यादा आहे. तुमचा ट्रेलर जड आहे. मागच्या सीटवरही माणसं बसवलीत तर मर्यादा ओलांडाल.

वैभवीचा चेहरा उजळला. लग्न झाल्यापासून जे वाक्य तिला सुचत नव्हतं, ते एका परक्या माणसाने फुकटात दिलं होतं.

"बाबा, तुमचं वजन किती हो?"

बाबांनी आकडा सांगितला.

"तो लग्नातला," मागून सासूबाई, अर्चनाताई, म्हणाल्या. "त्यानंतर यांनी काटा पाहिला नाही."

"तू चूप बस बरं. तुझं सांग."

अर्चनाताई खिडकीबाहेरचा ट्रॅक्टर बघू लागल्या.

"म्हणजे सिंगल कॅबच घ्यायला हवा," वैभवी कमालीच्या दुःखी आवाजात म्हणाली. "दोनच सीट. मी आणि अनुप. माझी फार इच्छा होती बाबा, पण कायदाच तसा आहे."

बाबांनी चष्मा लावला, ट्रकच्या दारातल्या वजनमर्यादेच्या पट्टीवरचे आकडे वाचले आणि बोटांवर काहीतरी बेरीज केली. सून खोटं बोलेल, पोरगा बोलेल, पण पट्टी बोलणार नाही, हा खात्यातला संस्कार.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वजनाशी हुज्जत नाही घालता येत."

सिंगल कॅब घेतला. मेळ्याच्या दिवशी पहाटे बाबांनी दारातून हात हलवून निरोप दिला, तोही इतका शहाण्यासारखा की वैभवीला मोटरवेवर थोडं वाईट वाटलं. मागे ट्रेलर असल्यामुळे वेग बेताचा, त्यात पुढे रस्त्याचं काम. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर ती म्हणालीसुद्धा, "पुढच्या वेळी बघू या काहीतरी." अनुपने नुसती मान डोलावली. बायकोने ते त्याच्या चांगुलपणात धरलं.

आदल्या दिवशी बाबांना लंडनमार्गे केंब्रिजचं रेल्वेचं तिकीट त्यानेच काढून दिलं होतं.

दोघं मैदानावर पोहोचले तेव्हा बाबा स्वेटर घालून, मसाल्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेले होते. त्या दिवशी केंब्रिजला नागपूरची तर्री विकली गेली.