तुमचा आवाज तुटतोय

सीबी रेडिओ, म्हणजे घरबसल्या अनोळखी लोकांशी हवेतून बोलायचा बिनतारी सेट, घेताना लोक खोक्याकडे बघतात. बटणं किती, दिवे किती, दिसतो कसा. आमचे बाबा अशा लोकांना सरळ गाढव म्हणत. सेट साधा चालतो, पैसा घालायचा तो एरियलमध्ये, हे त्यांनी मला, आईला आणि दुकानदारालाही ऐकवलं होतं. इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, त्यामुळे कोणी विचारलेलं नसतानाही उत्तर देण्याची त्यांना सवय होती. दुकानात तासभर मला ताटकळत ठेवून त्यांनी एकेक सेट ऐकला. खरखर दाबायचं जे बटण असतं ते पुढेमागे फिरवून पाहिलं आणि शेवटी सगळ्यात ओबडधोबड सेट उचलला. म्हणाले, "याचा आवाज खरा आहे."

घरी आल्यावर आईने तो टेबलावर बघितला. "रूप बघून निवडू नये म्हणता ते बरंय," ती म्हणाली, "नाहीतर तुमचं लग्न कसं झालं असतं?"

खिशात फोन असताना हे खूळ कशाला, असं मी विचारलं खरं, पण कारण मला माहीत होतं. आम्ही बौद्ध. बाबा या देशात नवीन आले तेव्हा रस्त्यात मराठी शब्द कानावर पडला तरी त्यांचा जीव हरखून जायचा. ओळख व्हायची, आणि दोन वाक्यं झाली की प्रश्न यायचा, "आडनाव काय?" आमचं आडनाव ऐकलं की जाणत्या माणसाला गाव कळतं आणि गावाच्या कुठल्या टोकाला घर असेल तेही कळतं. मग चहा मिळायचा, पुढचं बोलावणं मात्र यायचं नाही. असं इतक्यांदा झालं की बाबांनी महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला जाणंच सोडलं. आमची आपली माणसं होती, पण ती चार गावांत विखुरलेली, जयंतीला भेटणारी. रोज दुपारी गप्पा मारायला कोण येणार? सीबीवर कोणी आडनाव विचारत नाही. तिथे प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं. बाबांनी घेतलं 'केटल', कारण ती सतत चालू असते.

पहिले काही महिने त्यांचं इंग्रजीतच चाललं. हवामान, ट्रॅफिक, कोणाच्या तरी कुत्र्याचं ऑपरेशन. मग एका दुपारी माइकचं बटण सोडायला विसरून ते स्वयंपाकघराकडे ओरडले, "अगं, चहा टाक!"

"वहिनी, माझाही टाका!" रेडिओतून आवाज आला.

आईच्या हातून चमचा पडला. बाबा तर उठून उभेच राहिले, कोणी दारात आल्यासारखे.

तो माणूस लेमिंग्टनच्या पलीकडे राहणारा, रिटायर्ड, टोपणनाव 'कॅप्टन'. त्या दिवसापासून रोज दुपारच्या चहाला दोघांची बैठक. शाळेत पाठ केलेल्या कविता, कौन्सिल टॅक्स, ठेच्यात शेंगदाणे घालावेत की नाही, गुडघेदुखी. बाबा इतकं हसतात हे मला नव्यानेच कळलं. कोणता एरियल घ्यावा हेही कॅप्टननेच सांगितलं, आणि बाबांनी, ज्यांनी जन्मात कोणाचा सल्ला घेतला नाही त्यांनी, तोच आणून मागच्या भिंतीवर बसवला.

एका दुपारी मी रेडिओच्याच खोलीत इस्त्री करत होते. कॅप्टन म्हणाला, "केटलराव, किती दिवस असं हवेत भेटायचं? घरी या. आमची ही पुरणपोळी फर्स्ट क्लास करते. या संडेलाच या. बाय द वे, आडनाव काय तुमचं?"

बाबांनी सांगितलं. खणखणीत सांगितलं.

"अच्छा," कॅप्टन म्हणाला. मग नुसती खरखर. मग, "बोलण्यावरून वाटलं नाही हो तुमच्या." आणि पुन्हा जरा थांबून, "केटल, तुमचा आवाज तुटतोय. एरियल बघा जरा."

आणि बाबा एरियल बघायला गेले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "बाबा, ही कॅन हिअर यू. त्याला सगळं ऐकू येतंय."

"पुरावा?"

"पुरावा कसला? इट्स ऑब्व्हिअस!"

"ऑब्व्हिअस म्हणजे ज्याला पुरावा नाही ते," बाबा म्हणाले आणि बारीक केबल काढून जाड टाकायच्या मागे लागले.

मग सगळे जोड पुन्हा डाग देऊन पक्के केले, पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळली. एक मीटर आणला. पाठवलेल्या ताकदीतली किती एरियलवरून उलटी परत येते ते त्यावर दिसतं. काटा जितका खाली तितकं चांगलं, आणि बाबांनी एरियलची लांबी कमीजास्त करत तो काटा पार झोपवला. माइक बदलला. प्रत्येक सुधारणेनंतर उमेदीने हाक मारायची, "कॅप्टन, आता?" आणि तिकडून, "नाही हो, अजून तुटतंय." कधी हवा खराब, कधी घरात पाहुणे. रविवार आला आणि गेला. पुरणपोळीचं नाव कोणी काढलं नाही.

आईने तोवर एकदाच तोंड उघडलं. "आडनाव सांगेपर्यंत एरियल ठणठणीत होता," ती म्हणाली. बाबा त्या रात्री जेवताना तिच्याशी बोलले नाहीत.

एरियलचा खांब उंच करायला बाबा या वयात शिडीवर चढले आणि पडले. मनगट मोडलं. हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये प्लास्टर घालणाऱ्या नर्सला ते एरियल छपराच्या वर का हवा ते समजावून सांगत होते. "हात मोडून झाला," आई मला म्हणाली, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "आता त्याच्या दारात नाक घासायचं तेवढं राहिलंय." मला तिचाही राग आला. पण ती खोटं बोलत नव्हती.

खांब शेवटी गवंड्याकडून उंच करून घेतला. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बाबांनी डाव्या हातात माइक धरला. पहिलं उत्तर लेस्टरहून आलं, एका म्हाताऱ्या लॉरी ड्रायव्हरचं. "केटल! यू आर बूमिंग इन हिअर, मेट! लाउड अँड क्लिअर!"

लेस्टर आमच्यापासून लेमिंग्टनच्या दुप्पट लांब. बाबांनी माइक खाली ठेवला. "लेमिंग्टनच्या वाटेत टेकडी असेल," म्हणाले. ज्या माणसाने शाळेत हजारभर पोरांच्या थापा पकडल्या, तो आता स्वतःसाठी टेकडी रचत होता. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला त्यांनी हाक मारली. "कॅप्टन, केटल बोलतोय. माझा आवाज येतोय का?"

एरवी तिकडून उत्तराला वेळ लागायचा. त्या दिवशी ताबडतोब आलं, जरा वैतागलेलं. "नाही हो केटल, काहीच ऐकू येत नाहीये."

आई कप घेऊन दारात उभी होती. "घ्या," ती म्हणाली, "पुरावा हवा होता ना?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा उतरला होता, पण आवाज त्यांनी वर्गातल्यासारखा ठेवला. पुन्हा बटण दाबलं.

"काहीच नाही? मी बोलतोय त्यातलं एक अक्षरही पोचत नाही?"

"एकही नाही."

"मग उद्यापासून मी हाक मारत नाही."

"बरं होईल," कॅप्टन म्हणाला.