चोवीस खिडक्यांची पेटी

माझी नणंद लग्नानंतर जर्मनीला गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवाळीनंतर तिकडून कुणी ओळखीचं इकडे यायला निघालं, की त्यांच्या बॅगेत ती आमच्यासाठी काहीतरी कोंबून देते. त्या वर्षी आलेल्या पिशवीत माझ्या सासऱ्यांसाठी, आबांसाठी, कानटोपी होती, सासूबाईंसाठी गुडघ्याला लावायचं मलम होतं, आणि सगळ्यात खाली, कपड्यांत नीट गुंडाळलेली, एक चपटी पुठ्ठ्याची पेटी. वर बर्फात बुडालेल्या गावाचं चित्र, आणि गावभर विखुरलेले एक ते चोवीस आकडे. प्रत्येक आकड्याभोवती बारीक कातरलेलं. तिथं नख घातलं की पुठ्ठ्याची छोटी खिडकी उघडते आणि आत एक चॉकलेट असतं.

नणंदेनं फोनवर समजावून सांगितलं. "डिसेंबरच्या एक तारखेपासून रोज एकच खिडकी उघडायची, वहिनी. नाताळच्या आदल्या दिवशी शेवटची. इथं प्रत्येक घरात असते. दोन पोरांसाठी दोन घेतल्या होत्या मी, पण त्यांच्या बॅगेत एकच मावली."

पेटी दिवाणावर ठेवून आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो होतो. माझी मुलगी तिसरीत, मुलगा सीनियर केजीत. सासू-सासरे मूळचे घनसावंगीकडचे. तिकडं शेती, ऊस, कापूस, ज्वारी, थोडी मोसंबी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ते दोघं जालन्यात आमच्याकडे राहतात, पण आबांचं मन काही इथं रमत नाही. दर दोन-तीन दिवसांनी ते जीप पकडून शेतावर जाऊन येतात.

आबांनी पेटी उचलली, उलटी-पालटी केली, कानाशी धरून हलवली.

"आतमधी हाय ना चॉकलेट?"

"हो, आबा."

"मंग द्या की लेकरायला. कामून ठेवून राह्यलात?"

"रोज एकच द्यायचं असतं ते."

"असं कुठं असतं का," आबा म्हणाले. "आंब्याची आढी पिकली तर आपण रोज एक आंबा मोजून देतो का? पाटी पुढं ठेवतो, खा म्हणतो. लेकराला दाखवायचं अन् द्यायचं न्हाई, हे काय बरं न्हाई."

सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या अशानंच लेकरं बिघडून राह्यली. रोज एक, हे बिलकुल बराबर हाय. थांबायची सवय पाह्यजे माणसाला. आम्ही न्हाई का चतुर्थीला चंद्र दिसेस्तोवर थांबत?"

"तू थांबतीस. मी कधी थांबलो?"

"तेच तर म्हणून राह्यले मी."

माझा नवरा दातांचा डॉक्टर. चॉकलेट म्हटल्यावर तो नाकच मुरडणार, असं मला वाटलं होतं. पण तो म्हणाला, "दातांच्या बाजूनं विचाराल तर आबांचं बरोबर आहे. महिनाभर रोज थोडं थोडं गोड चघळण्यापेक्षा एकदाच काय ते खावं, दात घासावेत, मोकळं व्हावं."

"डॉक्टर झाला तरी बापाचीच री ओढतो," सासूबाई म्हणाल्या. मग लसणाचं ताट बाजूला सारून त्यांनी निकाल देऊन टाकला. "माझ्या लेकीनं तिकडून पाठवलंय. तिनं रोज एक सांगितलं तर रोज एक. सण कुणाचा का असंना."

माझं मत कुणी विचारलं नाही. मला फक्त मुंग्यांची काळजी होती, म्हणून मी म्हटलं, पेटी भिंतीला टांगू. स्वयंपाकघरात तिथीच्या कॅलेंडरशेजारी एक खिळा रिकामा होता, तिथं ती लावली. सकाळी चहा ठेवताना मला आता दोन दोन महिने दिसायला लागले. एका भिंतीवर मार्गशीर्ष आणि बर्फ शेजारी शेजारी.

पेटी एक आणि पोरं दोन, यावर तोडगा मुलीनंच काढला. एक, तीन, पाच या तारखा तिच्या. दोन, चार, सहा भावाच्या. एक तारखेला ती अलार्मच्या आधी उठली. खिडकी उघडून तिनं चॉकलेट लगेच खाल्लं नाही. आधी तळहातावर घेऊन बघितलं. घंटा होती, बोराएवढी. मग तिनं ती उंदरासारखी कुरतडत शाळेची रिक्षा येईपर्यंत पुरवली. धाकटा तिच्यापुढे उभा राहून तोंड बघत होता आणि शेवटी जमिनीवर आडवा होऊन रडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वाट्याला बूट आला. तो त्यानं एका घासात गिळला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जमिनीवर आडवा.

पण चार-पाच दिवसांनी त्याचं रडणं थांबलं. बहीण खिडकी उघडायची तेव्हा हा शहाण्यासारखा शेजारी उभा राहायचा, "काय निघालं?" म्हणून विचारायचा आणि आबांकडे बघून हसायचा. सासूबाईंना केवढा आनंद झाला. "बघा," त्या आबांना म्हणाल्या, "शिकलं का न्हाई लेकरू थांबायला?" आबा बशीतला चहा फुंकत राहिले.

मग एका सकाळी मुलीनं खिडकी उघडली आणि आत काहीच नव्हतं. प्लॅस्टिकच्या खळग्यात घोड्याचा आकार तेवढा होता, घोडा नव्हता.

तिनं बोट आत घालून बघितलं. "आई, यात भरायला विसरले."

"असं होतं कधी कधी," नवरा म्हणाला. पण मी पेटी खिळ्यावरून काढली तर ती भलतीच हलकी लागली. उलटी केली. खालची चिकटवलेली पट्टी कुणीतरी उघडली होती आणि पुन्हा बंद केली होती. त्यावर लावलेली पांढरी चिकटपट्टी नवऱ्याच्या दवाखान्यातली होती. आतला ट्रे सर्रकन बाहेर आला. उरलेल्या खिडक्यांपैकी निम्म्याहून जास्त रिकाम्या होत्या.

सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. धाकट्यानं सरळ सांगून टाकलं. "आबा मला पेटीच्या मागच्या दारानं देतात."

आबांनी लपवालपवी केली नाही. "दिलं मी. ती खाती अन् हे लेकरू तोंडाकडं बघत बसतं. मला न्हाई बघवलं. जे हाताला लागलं ते काढून दिलं."

"पण निम्मी संपली, आबा," मी म्हटलं. "रोज एकच देत होतात ना त्याला?"

"एखादं मी बी खाल्लं. चव बघाया."

सासूबाईंचा हात चहाच्या कपावरच थांबला. "अन् परवा मला दिल्तं ते? दुकानातून आणलं म्हणून सांगितल्तं तुम्ही."

"ते बी त्यातलंच व्हतं."

नवरा हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागला. मलाही हसू येत होतं, पण मुलीचा चेहरा बघून मी आवरलं. ती रडत नव्हती. ट्रे हातात धरून ते रिकामे खळगे बघत होती.

आबा तिच्याजवळ गेले. "बाळा, मी आणून देतो ना चॉकलेट. कोपऱ्यावरच्या दुकानातून. पाह्यजे तेवढे घे."

"मला चॉकलेट नको," ती म्हणाली. "दुकानातलं काय असतं ते मला आधीच माहीत असतं. उद्या काय निघेल, ते मला बघायचं होतं."

आबा पायात चपला सरकवून नाश्ता न करताच शेतावर निघून गेले. सासूबाई दिवसभर धुसफुसत होत्या. रागाचं कारण त्यांनी दर तासाला बदललं. आधी लेकराचं मन मोडलं म्हणून, मग लेकीची भेट नासवली म्हणून, आणि शेवटी आपल्याला न सांगता चोरीचं खाऊ घातलं म्हणून.

आबा संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या नेहरू शर्टाचे दोन्ही खिसे फुगलेले होते. "सूनबाई, ती पेटी जरा दे," म्हणाले आणि पेटी घेऊन आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन त्यांनी स्वतः पेटी खिळ्याला लावली आणि पोरांना समोर बसवून सांगितलं, "उद्यापासून मागून कोणी बघायचं न्हाई. मी बी न्हाई."

दुसऱ्या सकाळी धाकट्याची पाळी होती. खिडकीतून निघालं एक बोर. गावरान, लालबुंद, चॉकलेटच्या रिकाम्या खळग्यात बरोबर बसलेलं. त्यानं ते तोंडात टाकलं आणि बी गालात धरून शाळेत गेला. त्याच्या पुढच्या दिवशी मुलीला निघाला कापसाचा पुंजका, आत सरकीसकट. ती बघतच राहिली. "हे खायचं नसतं, आबा." आबा म्हणाले, "खायचं न्हाई. फूक मारून बघ." तिनं फुंकर मारली. कापूस उडाला आणि पोळ्यांच्या कणकेत पडला.

"काय कापूस-बिपूस भरून राह्यलात," सासूबाई म्हणाल्या. "लेकराला गोड पाह्यजे." त्या दुपारी त्यांनी तिळाची वडी थापली आणि अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे कापले. दोन तुकडे दोन खिडक्यांत गेले, बाकीचे आबांच्या हाती लागू नयेत म्हणून डब्यात. त्यावरून मग वाद सुरू झाला, कुणी कुठल्या खिडकीत काय भरायचं. मी एका खिडकीत चिठ्ठी घडी करून ठेवली, "आज दूध माफ." ती निघाली मुलाला. त्याला वाचता येत नव्हतं, बहिणीनं वाचून दाखवली. तेव्हा तो इतका नाचला की दुधाचा कप खरंच सांडला.

सगळ्यात भारी वस्तू नवऱ्यानं ठेवली. एका सकाळी मुलीनं खिडकी उघडली आणि आतून निघाला एक दात. इवलासा, पांढरा. तिचा पहिला पडलेला दुधाचा दात. त्यानं तो दवाखान्यातल्या कपाटात कापसात जपून ठेवला होता, हे मलाही माहीत नव्हतं. मुलगी आरशापुढं गेली आणि त्या दाताच्या जागी आता आलेल्या मोठ्या दाताशेजारी तो धरून बघू लागली. "एवढी छोटी होते मी?" तिनं विचारलं. नवरा म्हणाला, "याहून छोटी होतीस. तेव्हा तर दातच नव्हते तुला." आबांनी तो दात मागून घेतला, चष्मा वर करून बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "आपल्या घरात कुणाचंच असलं काही ठेवलेलं न्हाई." सासूबाई म्हणाल्या, "तुमचे पडतील ते ठेवू आता."

त्या दिवसांत आबाच सगळ्यांत आधी उठायचे. दुसऱ्या कुणी भरलेली खिडकी असली तर त्यांना चैन पडायचं नाही. संध्याकाळी मला हळूच विचारायचे, "उद्याच्यात काय हाय गं?" मी सांगायची नाही. मग सासूबाईंना विचारायचे. त्या तर मुळीच सांगायच्या नाहीत. पोरगी झोपेतून उठून स्वयंपाकघरात यायची तेव्हा आबा पेटीखाली खुर्ची टाकून बसलेले असायचे. तिला म्हणायचे, "चल, जल्दी उघड. केव्हाचा बसून राह्यलो."

शेवटची खिडकी इतरांपेक्षा दुप्पट मोठी होती. तारीख सम, म्हणजे ती मुलाची. पण त्यानं आपणहून बहिणीला बोलावलं आणि दोघांनी मिळून उघडली. आबा आदल्या दिवशीच ती भरून शेतावर मुक्कामाला गेले होते, म्हणून पेटीखालची खुर्ची रिकामी होती. आत हिरवेगार, टपोरे, कोवळे दाणे भरलेले. खिडकी उघडताच चार-सहा दाणे ओट्यावर सांडले.

"वाटाणे?" मुलानं विचारलं.

मुलीनं एक दाणा चावून बघितला. "हुरडा आहे. आबा शेतावर बोलावताहेत आपल्याला."

दुसऱ्या दिवशी नाताळची सुट्टी होतीच. नवऱ्यानं दवाखाना बंद ठेवला आणि आम्ही सकाळीच गाडीनं निघालो. रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकत अडकत पोचेपर्यंत आबांनी बांधाजवळ खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या होत्या. ज्वारीची कणसं निखाऱ्यात भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची. आबांचे हात इतके सरावलेले की ते गरम कणीस सहज चोळायचे. नवऱ्यानं एकदा तसं करून बघितलं आणि अर्धा हुरडा मातीत गेला. सासूबाईंना बाजेवर बसवलं होतं. गुडघ्यावर ताट, ताटात गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी. त्या सगळ्यांना वाढत होत्या आणि स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त खात होत्या. पोरांची तोंडं काळी झाली होती.

तिथूनच नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे नुकतं उजाडत होतं. गळ्याशी शाल, मागे खिडकीत राखाडी आभाळ. आम्हाला बघून ती फोनजवळ सरकली. मग म्हणाली, "मी चॉकलेट पाठवलं अन् तुम्ही हुरडा खाऊन राह्यलात." इतक्या वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. तिकडे गेल्यापासून ती फोनवर अगदी पुस्तकी मराठी बोलायची.

"पेटी आवडली का पोरांना?" तिनं विचारलं.

मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे बघितलं. आबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "चांगली व्हती," ते म्हणाले. "पण पुढच्या टायमाला रिकामी पाठव. भरायचं आम्ही बघतो."

तिला काही कळेना. मग मुलीनं फोन घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला बसली. घंटा, बूट, मागचं दार, कापूस, दात. नणंद इतकी हसली की तिचा फोन हातातून पडला आणि आम्हाला थोडा वेळ फक्त तिच्या घराचं छत दिसत होतं. सासूबाईंनी नुकताच चोळलेला गरम हुरडा मूठभर घेतला आणि फोन जवळ ओढून त्या छताला दाखवत म्हणाल्या, "बाई, उचल की फोन. हे बघ, वाफ निघून राह्यली अजून."