आईचा देवाशी अबोला

माझी ताई लिफ्ट दुरुस्त करते. आमच्या भागात हे काम करणारी ती एकटीच बाई, म्हणून सगळे तिला 'लिफ्टवाली' म्हणतात. उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र सातव्या मजल्यावरून थेट तळमजल्यावर पोचणारा.

एका मंगळवारी दुपारी ती केबिनच्या टपावर उभी राहून रुळांना वंगण लावत होती. पाय घसरला आणि केबिन आणि भिंतीमधल्या फटीतून ती दोन मजले खाली, लिफ्टच्या खड्ड्यात पडली. मांडीचं हाड, खुबा आणि कमरेचे दोन मणके मोडले. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचलाय. चालण्याबद्दल आत्ताच काही विचारू नका."

आमच्या घरात देवाचं खातं आईकडे. रोज सकाळी तसबिरीपुढे उभी राहून ती घरातलं सगळं त्याच्या कानावर घालायची. नळ गळतोय, धाकट्याचं, म्हणजे माझं, लग्न जमत नाही, शेजारीण शिष्ट आहे. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. जे सिद्ध करता येत नाही ते मानायचं कशाला, असा त्यांचा खाक्या.

त्या दिवशी आई हॉस्पिटलमधून आली ती चपलांसकट तसबिरीपुढे गेली. "तीस वर्षं तुझ्याशी बोलतेय, आणि हे फळ? आता तुझं तू बघ, माझं मी." तिने तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मी घाबरलो. शेजारणीशी धरलेला अबोला आईने चार वर्षं चालवला होता.

ऑपरेशननंतर दोन दिवस ताई एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिला स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेताना आम्ही सगळे हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये होतो. ताईचे डोळे मिटलेले. अचानक ती पुटपुटली, "या लिफ्टचा ब्रेक घासतोय. कधी बघितलाय का कुणी?"

आईला रडू फुटलं. वॉर्डबॉय मात्र त्या दिवसापासून जिन्यानेच ये-जा करायला लागला.

इकडे बाबा रोज दुपारी "पाय मोकळे करून येतो" म्हणून गायब व्हायचे. एकदा मी शोधत गेलो, तर हॉस्पिटलच्या प्रार्थनेच्या खोलीत, शेवटच्या रांगेत, डोळे मिटून उभे.

"बाबा, तुम्ही?"

"बाहेर उकडतंय. इथे पंखा आहे."

दुसऱ्या दिवशी वीज गेली. पंखा बंद होता, बाबा तिथेच होते.

ताई घरी आली. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, त्यांना आम्ही 'हवालदार' म्हणायचो.

"दहा वेळा उचला पाय."

"आठ झाले."

"पाच. मोजायला मी आहे."

पाच महिने हे चाललं. ताई वॉकर धरून दारापर्यंत जायची आणि घामाघूम होऊन परत यायची. एका सकाळी मिक्सर घरघरायला लागला आणि आई त्याला थापट्या मारायला लागली. "मारू नकोस गं त्याला!" ताई पलंगावरून ओरडली. आई ऐकेना. तेव्हा ताई वैतागून स्वयंपाकघरात आली, मिक्सर हिसकावून घेतला आणि उलटा करून बघायला लागली. मी म्हणालो, "ताई, वॉकर कुठेय?"

वॉकर पलंगाशी होता.

"मी मागितलं होतं," दारात उभ्या बाबांच्या तोंडून निसटलं.

"तुम्ही? कुणाकडे?"

कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखा बाबांचा चेहरा झाला. आईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "पहिल्यांदा मागणाऱ्याचं लगेच ऐकतो होय? छे! माझ्या अबोल्याला घाबरलाय तो."

"आणि मी पाच महिने पाय उचलले ते?" ताई म्हणाली.

"ते आहेच गं. पण पडताना देवाचं नाव घेतलंस ना?"

"घेणार होते. त्याआधी शिवी निघाली."

संध्याकाळी आईने तसबीर सरळ केली, पदराने पुसली. माफी मागितली नाही. बाबा आता तिच्या शेजारी उभे राहतात, आणि "जरा सरकून उभे राहा" हे रोज ऐकून घेतात. तसबिरीपुढे काय बोलता, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ती बोलू देईल तेव्हा बघू."

आठव्या महिन्यात ताई किंचित लंगडत कामाला निघाली. आई-बाबा दोघं फाटकापर्यंत आले. आई म्हणाली, "त्याचं नाव घे." बाबा म्हणाले, "आणि वर चढताना सेफ्टीचा पट्टा बांध."

"बांधते, घेते," ताई म्हणाली, "आता आत जा दोघं. लोक बघतायत."