बोट लागली

आमच्या सासूबाईंना मोटार लागायची. लागायची म्हणजे किती, तर शेवगावच्या मोटारअड्ड्यावरून नुसता भोंगा ऐकू आला तरी त्या नाकाला पदर लावत. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून आमच्याकडच्या मोटारी कोळशाच्या धुरावर चालायला लागल्या होत्या. लढाई संपली, तरी नगरच्या मोटारीमागचा तो काळा बंब काही हलला नव्हता. त्या मोटारीने नगर गाठायचं म्हणजे सासूबाईंना दोन दिवसांचं दुखणं. आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाने नोकरी कुठे धरावी? तर नैरोबीला, रेल्वेच्या कचेरीत.

लग्न झालं आणि हे लगेच पुढे गेले. वर्षभराने पत्र आलं, दोन खोल्या मिळाल्या आहेत, तुम्ही दोघी या. सासूबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी करून डब्यात ठेवलं आणि निवडायचे तांदूळ पुढे ओढले.

"मी नाही येत. नगरची मोटार मला सोडत नाही, ती बोट सोडणार आहे होय? दहा-बारा दिवस! तू जा."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि तोंडाने फटकळ. "तुम्ही इथे एकट्या राहणार? किती वर्षं?" असं मी विचारलं. यांना रजा मिळायची ती तीन-चार वर्षांनी. सासूबाई तांदळातले खडे वेचत राहिल्या. त्या घरात आम्ही दोघीच वर्षभर राहिलो होतो, एका ताटात जेवलो होतो, भांडलोही होतो. त्यांना मागे ठेवून जायचं या विचाराने माझा जीव कासावीस व्हायचा. शेवटी मीच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मी आधी जायचं. मला बोट लागली नाही, तर त्यांनी पुढच्या सोबतीबरोबर यायचं. लागली, तर पुन्हा विषय काढायचा नाही. हा करार आम्हा दोघींतच राहिला, यांना कळवलाच नाही.

मी बोटीने जाणार हे गावात कळलं आणि सल्ल्यांना ऊत आला. आमच्या भागात विहिरीचा तळ दिसायला लागला की लोक हवालदिल होतात, समुद्र कुणाच्या बापाने पाहिला होता? पण मतं प्रत्येकाला होती. एका आजींनी बजावलं की बोटीत कडेला बसू नकोस, सगळे एका बाजूला बसले की बैलगाडीसारखी उलटते. दूध घालायला येणाऱ्या बाईंनी माझ्या सामानात मिठाची पुडी पाहिली आणि विचारलं, "तितलं सगळं पानीच खारट हाय म्हनत्यात, मग मीठ कशाला नेताय?" याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

खरा समुद्र पाहिलेला एकच माणूस होता. लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले एक शिपाई, आता परत आपल्या शेतात राबणारे. ते मुद्दाम घरी आले आणि ओट्यावर बसून मला धडा दिला.

"वयनी, बोट लागली तर आडवं व्हयाचं न्हाई. वर यायचं, कठडा धरायचा आन् लांब जितं आभाळ टेकतंय तितं बगायचं. खाली पान्याकडं बगितलं की संपलंच. आन् प्वाट रिकामं ठिवू नका. कोरडी भाकर चघळत ऱ्हावा."

"तुम्हाला लागली होती का?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"जाताना लई लागली हुती, काकू. येताना न्हाई. येताना घर दिसत हुतं ना डोळ्यांपुढं."

मला सोबत मिळाली ती नगरच्या कापडबाजारातल्या एका गुजराती दुकानदाराच्या बहिणीची. बेन चौथ्यांदा चालल्या होत्या आणि बोट म्हणजे माहेर असल्यासारख्या वागत. मुंबईच्या धक्क्यावर त्यांनी मला हाताला धरून अक्षरशः पळवलं. आधी जागा, सामान मागून. डेकवर प्रत्येकाने आपली सतरंजी पसरायची आणि ती जागा आपली. बेननी नेमकी बोटीची मधली जागा पकडली. पुढच्या टोकाला झोके फार, मागे यंत्राची थरथर, आणि स्वयंपाकघराच्या बाजूला दिवसभर कांद्याचा वास. हे सगळं त्यांनी पदर खोचता खोचता मला सांगितलं. गोडं पाणी सकाळी आणि दुपारी ठरल्या वेळी मिळायचं, तेव्हा घागर घेऊन अर्धा तास आधी उभं राहायचं. खाऱ्या पाण्याने न्हायचं तर साबण विसरायचा, फेस होत नाही, नुसता चिकटा बसतो. लुगडं वाळत घातलं तर दोन टोकांना गाठ मारायची, नाहीतर ते आपल्याआधी आफ्रिकेला पोचतं.

भोंगा झाला, मुंबई मागे सरकली आणि संध्याकाळच्या आत मला बोट लागली.

अशी लागली की विचारू नका. शिपायांनी सांगितलेलं सगळं पाठ होतं, पण उभं राहायला पाय तर हवेत. तीन दिवस मी सतरंजीवर पडून होते. बेन लिंबू चोखायला देत, भाकरीचा तुकडा तोंडात कोंबत. मला पोटापेक्षा करार तुटल्याचं दुःख जास्त होतं. मी रडत होते ते सासूबाईंसाठी, आणि बेनना वाटत होतं पोरीला आईची आठवण येते आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मी उठले. कशीबशी कठड्यापाशी गेले, लांब आभाळ टेकतं तिथे पाहत राहिले आणि अर्ध्या तासाने मला चक्क भूक लागली. त्या क्षणापासून पुढचा प्रवास म्हणजे निव्वळ चैन. पाण्यातून मासे उडाले आणि सरळ रेषेत लांबवर गेले, तेव्हा मी बेनना ओरडून बोलावलं. संध्याकाळी गुजराती बाया गरबा धरत. मला येत नव्हता, तरी मी मध्ये घुसले आणि माझ्या फुगडीने त्यांची दमछाक केली. डेकवरच्या उतारूंनी आपलं आपण शिजवायचं, त्यासाठी लोखंडी चुली होत्या. तिथे मी लसणाची फोडणी देऊन पिठलं केलं आणि वासाने पलीकडचा पंजाबी सुतार ताटली घेऊन आला. त्याचं मत असं की बोट झकास आहे, फक्त एखादं झाड हवं होतं. एक कच्छी म्हातारबुवा पिठलं खाऊन म्हणाले की खरा प्रवास शिडाच्या गलबतातला, ही बोट म्हणजे लाडावलेल्या माणसांचं काम. बेनचं गाऱ्हाणं फक्त चहाबद्दल होतं, पण ते दिवसातून चार वेळा. माझं मत कुणी विचारलं नाही. मला बोट आवडली होती.

मोंबासाला हे घ्यायला आले होते. नैरोबीच्या गाडीत बसल्यावर मोठ्या ऐटीत म्हणाले, "आईला तार केली. इंग्रजीत केली तर कुणी भलताच अर्थ सांगेल, म्हणून आपल्या मराठीत केली, इंग्रजी अक्षरांत. दोनच शब्द. बोट लागली."

मी कपाळावर हात मारला. यांच्या मनात होतं, बोट धक्क्याला लागली. पण सासूबाई त्या दोन शब्दांचा दुसरा कुठला अर्थ घेतील? मी यांना करार सांगितला, तेव्हा यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग मी घरी पोचल्या पोचल्या, ट्रंक उघडायच्या आधी, चार पानी पत्र लिहिलं. तारेचा अर्थ समजावला. बोट धक्क्याला लागली, मला मुळीच लागली नाही. मी पहिल्या दिवसापासून हिंडत होते, जेवत होते, आपण अगदी निर्धास्त या. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

दोन महिने उत्तर नाही. मी रोज पोस्टाकडे डोळे लावून असे आणि यांच्याशी विनाकारण भांडत असे. मग एक कार्ड आलं. "येते. सोबत मिळाली आहे." बस, एवढंच. मी त्या दिवशी घरभर नाचले. आपलं खोटं पचलं याचा मला भारी अभिमान वाटला.

सासूबाई मोंबासाला शिडीवरून उतरल्या त्या कठड्याला घट्ट धरून, एक एक पायरी. तोंड वाळलेलं, पण पदर नीट खोवलेला. हे पुढे झाले आणि म्हणाले, "आई, माझ्या त्या तारेमुळे उगीच घोटाळा झाला बघ. मला म्हणायचं होतं की—"

"तुझ्या तारेत काही घोटाळा नव्हता," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "घोटाळा हिच्या पत्रात होता. मला बोट लागली नाही, मला बोट लागली नाही, असं सात वेळा लिहिलंय. मी मोजलं. ज्याला लागत नाही तो एकदा लिहितो."

माझी मान खाली गेली. "मग तुम्ही आलात कशा? ठरलं होतं की—"

"ठरलं होतं खरं. पण तू ओकून ओकून अर्धी झालीस आणि तरी मी यावं म्हणून चार पानं खोटं लिहिलंस. सुनेला मी इतकी हवी आहे हे कळल्यावर शेवगावात कुणासाठी बसून राहू?"

मी तिथेच, हमालांच्या गर्दीत, रडायला लागले. त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी दंडाला धरून मला उभं केलं.

"आता खरं सांग. किती दिवस लागली?"

"तीन," मी म्हणाले.

"मला सगळे दिवस," सासूबाई म्हणाल्या आणि खुदखुदून हसल्या.